नवसाच्या कोंबड्याला चुन्याचे दोन हात

आमचा मूळपुरुष तंजावरच्या राजाबरोबर घोड्यावर बसून आला, असं आमच्या घरात सांगत. पुढं घोडा मेला, तलवार मोडीत गेली, राज्यही गेलं. पन्नास सालानंतरच्या ज्या दिवसांची ही हकीकत आहे, तोवर आमच्याजवळ फौज म्हणून उरल्या होत्या त्या मागच्या अंगणातल्या कोंबड्या. कुंभकोणमात, मेलकावेरीला, नदीकडच्या गल्लीत आमचं घर. मी भांड्यांच्या दुकानात पितळेच्या समया तोलायचो आणि उरलेल्या वेळात थापा मारायचो. पण कोंबड्यांच्या बाबतीत मला थाप मारायची गरज कधी पडली नाही, इतक्या त्या थोर होत्या.

सगळ्या काळ्या. चोच काळी, नखं काळी, तुरासुद्धा जांभळ्यावर गेलेला. अमावास्येला त्या अंगणात फिरत तेव्हा अंगणच चालतंय असं वाटे. हे काम आमच्या आईचं. तिनं आयुष्यभर एकच नियम पाळला होता. पिलू तांबूस निघालं, ठिपक्यांचं निघालं, की मोठं झाल्यावर शेजारी देऊन टाकायचं आणि काळं तेवढं ठेवायचं. असं करत करत काळा रंग आमच्या अंगणात इतका मुरला, की पांढरं म्हणजे काय ते कोंबड्यांना फक्त अंड्यावरून माहीत होतं. आई गेली, कोंबड्या राहिल्या. माझी धाकटी बहीण माहेरी आली की आधी अंगणात जायची आणि मग घरात यायची.

तर ही बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. मुलगा झाला. तिच्या सासरी, तिरुनीलक्कुडीला, गूळ वाटला गेला. बाळ काही महिन्यांचं झालं, आता सासरी पोचवायचं, तोच त्याला ताप भरला. कसला ताप म्हणता. माझ्या बायकोनं कपाळावर ठेवलेली ओली पट्टी दोसा टाकल्यासारखी चर्र करायची. तिसऱ्या दिवशी भर दुपारी डॉक्टर आला, बघितलं, आणि काही न बोलता पेटी उचलून गेला. डॉक्टर बोलला असता तर बरं झालं असतं. बहीण तशीच उठून अंगणात गेली, पश्चिमेकडं तोंड केलं आणि मोठ्यानं बोलली, सगळ्या कोंबड्यांच्या साक्षीनं.

"माझं बाळ उठू दे. ह्याच घरच्या कोंबडीच्या पोटचा, पांढराशुभ्र, एक डाग नसलेला कोंबडा स्वामीमलैला आणून सोडीन. तोवर ह्याच्या केसाला वस्तरा लागणार नाही आणि माझ्या डोक्यात फूल चढणार नाही."

दिवेलागणीला बाळाला घाम फुटला. ताप उतरला. आम्ही सगळे इतके रडलो की विहिरीचं पाणी वर आलं असेल.

दोन दिवसांनी, सगळं निवळल्यावर, माझ्या बायकोनं तांदूळ निवडता निवडता विषय काढला.

"वन्सं, बोललात ते छान बोललात. पण पांढरा कुठून काढलात? आपल्या अंगणात पांढरं पीस हवं तर उशी फाडावी लागेल."

बहीण म्हणाली, "वहिनी, मला त्या घटकेला तिरुवलंचुळीचा पिळ्ळैयार दिसला. पांढरा."

"आणि कोंबडा?"

"तो स्वामीमलैचा."

आता बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या पश्चिमेला, तिरुवलंचुळीला पांढरा गणपती आहे, आणि तिथून हाकेवर स्वामीमलैला मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी. त्याच्या झेंड्यावर कोंबडा, म्हणून लोक त्याला जिवंत कोंबडा वाहतात. ह्या मुलखात गणपती थोरला आणि कार्तिकस्वामी धाकटा. घाबरलेल्या जिवानं थोरल्याचा रंग आणि धाकट्याचं पाखरू एकाच नवसात बांधून टाकलं होतं.

मी तोड काढली. म्हटलं, "थोरल्याला पांढरी फुलं वाहू, धाकट्याला आपला काळा कोंबडा देऊ. दोघंही घरचेच आहेत, आपसात बघून घेतील."

"अण्णा," बहीण म्हणाली, "देवाला बोललेलं कुणी वाटून देतं काय?"

"मग बाजारातून पांढरा आणू."

"विकत आणलेला तो दुकानदाराचा. मी घरचा बोललेय."

ती हे अगदी हळू बोलली. बाळाच्या छातीवर तिचा हात होता आणि तो हात प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होत होता. नवस चुकला तर ताप परत येईल, एवढंच तिच्या मनात होतं. मी थट्टा गिळली. सांगून टाकलं की पांढरा कोंबडा मी काढतो, बाळाला दात येण्याआधी. मला काय, जीभ उचलायची होती.

जनावरांच्या दवाखान्यात माझा एक कंपाउंडर मित्र होता. तेव्हा सरकार गावठी कोंबड्या सुधारायला विलायती कोंबडे वाटत होतं. त्यातला एक पांढरा लेगहॉर्न त्यानं मला मिळवून दिला. मी त्याला बसनं आणला. त्याची ऐट बघून कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं, आणि खिडकीची जागा त्याला मिळाली, मला नाही. अंगणात सोडला तर काळ्या कोंबड्या भिंतीला टेकल्या. त्याला इंग्रजी येत होतं, त्यांना तमिळ, आणि मध्ये दुभाषा म्हणून मी मराठीत हाकाटी करत होतो. आठवड्यात त्यांचं जमलं. अशा गोष्टींना भाषा लागत नाही.

आमचा काळा कोंबडा मी मित्राकडं ठेवायला दिला, म्हणजे बापाविषयी शंका नको. मग कोंबडी खुडूक बसली, आणि घरात एकच चर्चा. माझं शास्त्र पक्कं होतं. आम्ही कुंभकोणमची माणसं, रंग म्हटला की आम्हाला कॉफी कळते. काळं डिकॉक्शन, पांढरं दूध, ओतलं की तपकिरी. मी बहिणीला म्हटलं, "पहिली खेप कॉफीच्या रंगाची येईल. तिच्यात पुन्हा दूध घालायचं, ती फिकी होईल. पुन्हा दूध. चार खेपांत नुसतं दूध."

बायको म्हणाली, "अहो, कॉफीत कितीही दूध घातलं तरी ते दूध होत नाही. तुम्ही रोज पिता, एवढं कळू नये?"

पिलं निघाली ती कॉफीच्या रंगाची नव्हतीच. पिवळीधमक, चंदनाच्या गोळ्यांसारखी, आणि बहुतेकांच्या डोक्यावर एकेक काळा ठिपका. कुणीतरी बोट काजळात बुडवून टेकवावं तसा. बहिणीला बोलावणं धाडलं. ती बाळाला कडेवर घेऊन आली, बघत बसली. पिलं वाढली तशी पांढरी झाली, सगळीच्या सगळी, काळ्या आईच्या पोटी. पण जवळून पाहिलं तर कुणाच्या मानेवर, कुणाच्या शेपटीत काळे शिंतोडे. शाईचं बोट झटकल्यासारखे. नवसाच्या हिशेबी एकही धड नाही.

मी खचलो नाही. पांढऱ्यात पांढरं मिसळलं तर आणखी पांढरं होणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून ह्या ठिपकेवाल्यांतलाच एक नर आणि त्याच्याच बहिणी वेगळ्या ठेवल्या, आणि विलायती जावयाला सुट्टी दिली.

ह्यात बराच काळ गेला. कोंबडी मोठी व्हायला वेळ घेते, मुलं मात्र बघता बघता वाढतात. भाचा चालू लागला, बोलू लागला, आणि त्याचे केस खांद्याखाली आले. तिरुनीलक्कुडीला बायका त्याला मुलगी समजून रिबन देत. जावळ आमच्यात पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी काढतात. पहिलं केव्हाच सरलं होतं, तिसरं धावत होतं. माझे मेहुणे भातशेती करणारे, अबोल गृहस्थ. एका भेटीत एक वाक्य बोलायचे आणि दुसरं पुढच्या भेटीला ठेवायचे. ते काही म्हणाले नाहीत. पण त्यांच्या आई, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, एकदा बहिणीला आणि नातवाला घेऊन स्वतः कोंबड्या बघायला आल्या.

खुराड्यापुढं उकिडव्या बसल्या. कोंबडीच्या पंखाखालून नवी पिलं एकेक बाहेर येत होती. पिवळं, पिवळं, ठिपक्याचं पिवळं. आणि मग एक आलं ते काजळासारखं काळं. त्याच्यामागून आणखी एक काळं.

"व्याही," सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमच्याकडं कोंबड्याचं लग्न जुळेना, आणि माझ्या नातवाला वेणी घालायची वेळ आली."

मी हसलो. बहीण हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. बाप पांढरा, आई पांढरी, आणि पोटी काळं. ती आत जाऊन बसली. बायको मागं गेली, तर बहीण म्हणाली, "वहिनी, देवानं परत पाठवलं बघा. नको म्हणतोय तो." मुलाला तिनं इतकं घट्ट धरलं होतं, की तो कुरकुरायला लागला.

त्या खेपेत एक पिलू पुढं अगदी निर्मळ पांढरं निघालं होतं. त्याला घारीनं नेलं. घारीलाही स्वच्छ माल कळतो.

पोंगल जवळ आलं. घराला चुना द्यायचा म्हणून बहीणही मदतीला आली होती, पण तिचं लक्ष नव्हतं. मी स्टुलावर उभा राहून स्वयंपाकघराची भिंत रंगवत होतो. चुलीच्या धुरानं ती आमच्या कोंबड्यांइतकीच काळी झालेली. एक हात दिला, भिंत पांढरी दिसली, मी मिशीवर चुना लावून खाली उतरलो.

"वर बघा," बायको म्हणाली. "ठिकठिकाणी काजळी डोकावतेय. एका हातानं भागत नाही. दुसरा हात द्या."

मी वर बघितलं. पांढऱ्या भिंतीवर काळे शिंतोडे. हे शिंतोडे मी कुठं तरी पाहिलेत, असं म्हणता म्हणता माझ्या हातातला कुंचला पडला तो थेट सांबारात. सांबार त्या दिवशी पांढरं झालं, पण मला कोंबडी कळली.

कंपाउंडरनं मला फार पूर्वी एक गोष्ट सांगितली होती आणि मी ती कानामागं टाकली होती. पिलाला रंगाचे दोन वाटे मिळतात, म्हणाला होता, एक बापाकडून, एक आईकडून. मी बहिणीला त्या भिंतीपुढं आणून उभं केलं.

"हे बघ. तो विलायती कोंबडा, त्याच्याजवळ दोन्ही वाटे चुन्याचे. तो पिलाला देणार तर चुनाच देणार. आईची काळी कोंबडी, तिच्याजवळ दोन्ही काजळीचे. पहिल्या खेपेला काय झालं? बापानं चुन्याचा एक हात दिला, आईनं काजळी. पिलू पांढरं दिसलं, पण एकाच हाताचं. म्हणून शिंतोडे."

"मग दुसऱ्या खेपेला काळी कशी आली?"

"कारण मी गाढव. त्या ठिपकेवाल्यांच्या प्रत्येकाच्या एका मुठीत चुना आणि एका मुठीत काजळी. कुठली मूठ उघडेल ते सांगता येत नाही. दोघांनी चुना दिला तर पिलू स्वच्छ. एकानं चुना, एकानं काजळी, तर ठिपक्याचं. आणि दोघांची काजळीचीच मूठ उघडली तर..."

"काळं," ती म्हणाली.

"देवानं परत पाठवलेलं नाही ते. ते मधल्या पिढीत चुन्याखाली झाकलं होतं. काळं कुठं जात नाही, थांबून राहतं. ती आईची कोंबडी आहे, परत आलीय एवढंच."

बहीण वळली आणि अंगणात गेली. दोन्ही काळी पिलं तोवर चांगली वाढून तलंगा झाली होती. त्यातली एक तिनं उचलली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला, आई फिरवायची तसा, शेपटीकडून मानेकडं, उलटा. आईची ती एक खोडच होती. कोंबड्या चिडायच्या. ही पण चिडली. बहीण फिसकन हसली, कितीतरी दिवसांनी.

"अण्णा, आता काय करायचं?"

"आता ठिपकेवाली कोंबडी आणि विलायती बाप. बाप चुनाच देणार. आईची मूठ चुन्याची उघडली की दोन हात पुरे. निम्मी पिलं तरी तशी यावीत."

"आणि नर?"

"ते मुरुगनला सांग. सगळं मीच करायचं म्हटलं तर त्यानं काय करायचं?"

तसंच झालं. पिलं आली, काही डोक्यावर ठिपका घेऊन, काही नुसती पिवळी. त्या नुसत्या पिवळ्यांत एक नर निघाला. पांढरा किती, तर उन्हात त्याच्याकडं बघायला लोक छत्री उघडत. त्याला मी घारीपासून, मुंगसापासून आणि शेजाऱ्यांच्या नजरेपासून जपला. रात्री तो माझ्या ट्रंकेवर झोपायचा आणि पहाटे माझ्या कानात आरवायचा. बायको म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढी सेवा केली असती तर बरं झालं असतं."

अखेर जायचा दिवस ठरला. तिसरं वर्ष सरायला आलं होतं. आदल्या संध्याकाळी मेहुणे, सासूबाई, बहीण, भाचा सगळे आमच्याकडं उतरले. सकाळी टांगा दारात उभा राहिला. बहिणीनं मुलाला न्हाऊमाखू घालून, गालावर काजळाची तीट लावून ओसरीवर बसवलं होतं. मग ती म्हणाली, "एकदा मी स्वतः बघते."

कोंबड्याला मांडीवर घेऊन ती उन्हात बसली. एकेक पीस उचलून बघू लागली. मान, पाठ, शेपटी. आम्ही सगळे भोवती उभे. उजवा पंख उघडला, स्वच्छ. डावा उघडला. आत, अगदी काखेत, तांदळात राहिलेल्या खड्यासारखं एक काळं पीस.

तर हाही एका हाताचाच होता. चुना जरा दाट बसला होता, इतकंच.

घोडा तेवढा शेपटी हलवत होता. माझी बोटं आपोआप पुढं सरकली. एक पीस ते काय. उपटलं की काम झालं.

"अण्णा, हात मागं घे," बहीण म्हणाली. मान वर न करता. "एक डाग नसलेला, असं मी बोललेय. त्यानं ऐकलंय."

पुन्हा कोंबडी बसवायची, पुन्हा पिलं, पुन्हा नर, आणि तोवर पाचवं वर्ष. आणि तोवर प्रत्येक खोकल्याला, प्रत्येक गरम कपाळाला तिनं दचकून उठायचं. मेहुणे पुढं झाले, तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

सासूबाई ओसरीवरून उतरल्या. त्यांनी पंख उघडून बघितला. मग भाच्याकडं बघितलं.

"पोरी, त्याच्या गालाला काळं काय लागलंय?"

"तीट आहे, सासूबाई."

"कुणी लावली?"

"मीच."

"का?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

"स्वतःचं लेकरू उघडं घेऊन वेशीपर्यंत जात नाहीस," सासूबाई म्हणाल्या, "आणि देवाचं पाखरू एवढं पांढरं, असंच उघडं घेऊन निघाली होतीस? दीड कोसाची वाट आहे. बाजारातून जायचंय. त्यानं आपली आपण लावून घेतलीय."

"पण मी डाग नको म्हटलं होतं."

"हा डाग नव्हे. मी तीन मुलं वाढवलीत, मला कळतं. चल, ऊन चढेल."

बहिणीनं पंख मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग कोंबड्याला छातीशी धरून उठली आणि टांग्यात जाऊन बसली. मेहुणे तिच्या मागं मुलाला घेऊन चढले आणि म्हणाले, "वजन बरं आहे ह्याचं." मुलाचं की कोंबड्याचं ते त्यांनी पुढच्या भेटीसाठी ठेवलं.

वाटेत तिरुवलंचुळीला टांगा थांबवला. देवळाबाहेरूनच तिनं कोंबडा उंच धरून थोरल्याला दाखवला, रंग तुझाच आहे म्हणून. स्वामीमलैला पोचलो. मी पायऱ्या चढताना मनात भाषण जुळवलं होतं. दोन हात, दोन मुठी, डिकॉक्शन, सगळं. देवस्थानच्या माणसानं कोंबड्याकडं पाहिलंही नाही. पाय धरून उचलला आणि जाळीच्या खुराड्यात सोडला. आत तांबडे, करडे, ठिपक्यांचे, मोरपंखी, नाना रंगांचे कोंबडे उभे होते. आमचा आत जाताच आरवला. इंग्रजीत, असं मला वाटलं.

बहीण जाळीला हात लावून उभी राहिली. "पोचला," एवढंच म्हणाली. मग माझ्या बायकोनं पदरात लपवून आणलेला मोगऱ्याचा गजरा काढला आणि न विचारता तिच्या अंबाड्यात खोवला.

खाली न्हाव्यानं भाच्याचं जावळ काढलं. एवढे केस निघाले की त्यात आणखी दोन मुलं बसली असती. तो रडला, मग डोक्यावर वारा लागला तसा गप्प होऊन चाचपू लागला. तिकडच्या रीतीप्रमाणे गुळगुळीत डोक्याला चंदनाचा लेप लावला. पिवळंधमक डोकं, त्यावर सकाळचं ऊन. बहीण त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि त्या पिवळ्या टाळूवर मधोमध एक ठिपका टेकवला.

मी काही बोललो नाही. लोक म्हणतात, माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच झालं. खुराड्यातून पहिल्या खेपेची पिलं बाहेर आली होती, ती अशीच होती.